काउंटरवरच्या फार्मासिस्टसाठी वाशीतला रविवारचा वर्ग: फी वसूल होते का?

वाशी स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर, एरवी बारावीचे क्लास चालतात त्या जागेत हा वर्ग भरतो. सहा रविवार, सकाळी नऊ ते दीड. मेडिकल दुकानात किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत प्रत्यक्ष काउंटरवर उभं राहणाऱ्या नोंदणीकृत फार्मासिस्टसाठी. फी साडेचार हजार, डेमोचं साहित्य त्यातच. निकाल आधीच सांगून टाकतो: सहापैकी तीन रविवार पैसे वसूल करून देतात, एक अर्धामुर्धा आहे, आणि उरलेल्या दोघांत चक्क पाट्या टाकल्या आहेत. तरी त्या तिघांसाठी ठाण्याहून, अगदी घोडबंदरहूनसुद्धा, रविवारची झोप मोडून यावं असा हा वर्ग आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे वर्ग शिकवणाऱ्याच्या जिवावर चालतात. माणूस बदलला की त्याच पाटीखाली वेगळाच माल मिळतो. त्यामुळे आत काय आणि कसं शिकवतात ते बघून पैसे भरावेत.

अशा वर्गाची गरज का पडते हे फार्मसी शिकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. डी.फार्म ही पदविका दोन वर्षांची, त्यानंतर पाचशे तासांचं प्रशिक्षण, आणि त्यातले निदान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जावेत असा नियम आहे. व्यवहारात प्रशिक्षणार्थी पोरगं माल उतरवतं, एक्स्पायरी वेगळी काढतं, डिस्ट्रिब्युटरला फोन लावतं आणि शेवटी वहीवर सही घेऊन जातं. बी.फार्मच्या चार वर्षांत गोळी दाबायचं यंत्र, एचपीएलसी हे औषध तपासायचं यंत्र, रसायनांच्या रचना हे सगळं येतं, कारण अभ्यासक्रमाचं तोंड बरंचसं कारखान्याकडे आहे. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची रचना फळ्यावर काढता येते. त्याच औषधाच्या ड्राय सिरपमध्ये, म्हणजे कालवायच्या पावडरीत, पाणी किती टप्प्यांत घालायचं हे मात्र कुणी बाटली हातात देऊन दाखवलेलं नसतं. फार्म.डी. हा पेशंटकडे तोंड असलेला अभ्यासक्रम २००८मध्ये सुरू झाला तो याच उणिवेवर. पण ती मंडळी बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत जातात, घणसोलीच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये येत नाहीत. इथे शिकवायला मात्र त्यांच्यातलीच एक आहे, आणि जमलेले तिन्ही रविवार तिचे आहेत.

सगळ्यांत जमलेला आहे तो दुसरा रविवार, लहान मुलांच्या औषधांचा. प्रत्येकाच्या पुढ्यात ड्राय सिरपची एक बाटली, उकळून गार केलेलं पाणी आणि पाच मिलिची तोंडाने औषध द्यायची सिरिंज. आधी बाटली आडवी-उभी करून, तळाला टिचक्या मारून पावडर मोकळी करायची. मग लागणाऱ्या पाण्यापैकी साधारण निम्मं घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग उरलेलं पाणी खुणेपर्यंत. खूण बघताना बाटली सपाट टेबलावर, डोळा खुणेच्या पातळीला. पाकिटात निर्जंतुक पाण्याची छोटी बाटली आलेली असेल तर तेच पाणी, तेवढंच, दुसरं काही नाही.

यात बिघडतं कुठे? एका दमात खुणेपर्यंत पाणी भरलं की हलवल्यावर पातळी खाली जाते, आणि पुन्हा खुणेपर्यंत भरायचं राहून जातं. फेसालाच पातळी समजलं तरी तेच. दोन्ही वेळा पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमच्यात औषध जास्त जातं. खुणेच्या वर गेलं तर उलट. पण खरी गंमत तळाशी असते. आदल्या दिवशी मुद्दाम पावडर न मोकळी करता कालवलेली एक प्लास्टिकची बाटली बाई ब्लेडने बुडापासून कापतात आणि टेबलाभोवती फिरवतात. बुडाच्या कंगोऱ्यात पिवळट, ओलसर, मेणासारखा घट्ट थर बसलेला असतो. नखाने खरवडल्याशिवाय निघत नाही. पोराला पहिले तीन दिवस पातळ पाणी पाजलं गेलं आणि शेवटी राहिलेलं औषध बुडालाच चिकटून बसलं, हे समजायला वेगळी स्लाइड लागत नाही.

फ्रिजचा मुद्दाही नीट घेतला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड कालवल्यावर २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलेलं फेकायचं. क्लॅरिथ्रोमायसिनचं सस्पेन्शन मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. म्हणजे ‘सिरप आहे ना, मग फ्रिजात ठेवा’ असं सरसकट सांगणारा फार्मासिस्ट निम्म्या वेळा चुकीचं सांगत असतो. कालवल्याची तारीख आणि फेकायची तारीख दोन्ही बाटलीवर लिहायच्या, आणि त्याही लेबलवर, झाकणावर नाही. झाकणं घरात अदलाबदल होतात.

त्यानंतरचा अर्धा तास पॅरासिटामॉलचा. दुकानात एकाच कपाटात १२५ मिग्रॅ प्रति ५ मिलि, २५० मिग्रॅ प्रति ५ मिलि आणि थेंबांची १०० मिग्रॅ प्रति १ मिलिची बाटली शेजारी शेजारी असते. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅ धरले तर एका वेळी १५० मिग्रॅ. ते पहिल्यातून ६ मिलि होतात, दुसऱ्यातून ३ मिलि, थेंबांतून दीड मिलि. आता ‘सहा मिलि द्यायचं’ एवढंच लक्षात ठेवलेल्या आईच्या हातात थेंबांची बाटली पडली की पोटात ६०० मिग्रॅ जातात, चौपट. हे गणित प्रत्येकाकडून तीन वेगवेगळ्या वजनांसाठी कागदावर करून घेतलं, कॅल्क्युलेटरशिवाय. कागद तपासून परत दिले आणि चुकलेल्यांना पुन्हा बसवलं. ‘मिलिमध्ये सांगायचं, चमच्यात नाही, आणि बाटली बदलली की मिलि बदलतात हेही सांगायचं’ हे बाईंचं वाक्य वहीत नाही, काउंटरच्या काचेला चिकटवून ठेवावं.

ओआरएस त्याच दिवशी घाईघाईत उरकलं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान पाकीट २०० मिलित. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने घालायचं नाही, हे सांगितलं. झिंक चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी, हेही सांगितलं. पण गोड पेयांनी नावात ओआरएस मिरवण्यावर एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५मध्ये बंदी घातली आणि तशी टेट्रापॅक आपल्याच काउंटरवर विकली जात होती, यावर चकार शब्द नाही. तिथे थोडं थांबायला हवं होतं.

तिसरा रविवार इनहेलर आणि डोळ्यांच्या थेंबांचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात दम्याचे आणि सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) पेशंट काही कमी नाहीत, आणि इनहेलर विकणारे आपण तो पेशंटला ओढून दाखवायला मात्र लाजतो. वर्गात दोन प्रकार शेजारी ठेवून शिकवले, आणि तेच बरोबर आहे, कारण गोंधळ त्या दोघांतच होतो. पंपाचा इनहेलर: झाकण काढा, हलवा, नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर हवेत फवारे मारून चालू करा, पूर्ण श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, श्वास सावकाश आत घ्यायला लागा आणि तेव्हाच एकदा दाबा, ओढणं चालू ठेवा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा फवारा लागत असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. पावडरचा, म्हणजे रोटाकॅपवाला, याच्या नेमका उलट: कॅप्सूल बसवा, फिरवून फोडा, श्वास बाहेर सोडताना तोंड उपकरणापासून दूर, आणि मग जोरात, एका झटक्यात, खोल ओढा. पंप सावकाश, पावडर जोरात. पावडरच्या उपकरणात फुंकर मारली की ओलाव्याने पावडरचे गोळे होतात. स्टेरॉइड असेल तर दोन्हींनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि पेशंट औषधच सोडून देतो.

रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे पेशंट अजूनही भेटतात. का गिळतात ते उघड आहे: कॅप्सूल दिसते, कॅप्सूल गिळायची असते, आणि चिठ्ठीवर ‘१-०-१’ एवढंच असतं. उपकरण एका वेळी घेतलं, कॅप्सूल पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानातून घेतल्या, तिथे कुणी बोललं नाही, की झालंच. त्यावर उपाय म्हणून पाकिटावरच ‘गिळू नये, मशीनमधून ओढावी’ असा शिक्का मारायची सूचना वर्गात झाली. शिक्का शंभर-दीडशे रुपयांत होतो. स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) धुण्याचं सांगितलं तेही कामाचं: सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा, फडक्याने पुसायचा नाही, तसाच सुकू द्यायचा. पुसला की प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

इथे प्रत्येकाने जोडीदाराला शिकवायचं आणि जोडीदाराने पायऱ्यांच्या तक्त्यावर खुणा करायच्या, अशी पद्धत आहे. सगळ्या पायऱ्या बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. उत्तम. तक्रार एकच: डेमोची उपकरणं कमी आणि ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढे सरकवली जातात. साडेचार हजार फी घेऊन प्रत्येकाला स्वतःचं तोंडाचं टोक द्यायला काहीच हरकत नव्हती. श्वसनाचे आजार शिकवणाऱ्या वर्गात तर नाहीच.

डोळ्यांचे थेंब अर्ध्या तासात, पण नेमके. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खिशात एक थेंब, नंतर डोळा मिटून आतल्या कोपऱ्यावर एक मिनिट बोट दाबायचं, दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, उघडल्याची तारीख लिहायची आणि चार आठवड्यांनी फेकायची. काचबिंदूच्या थेंबांबाबत कोपरा दाबणं का महत्त्वाचं (औषध नाकावाटे उतरून रक्तात जातं आणि टिमोलॉलने दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो) हेही सांगितलं.

चौथा रविवार इन्सुलिनचा आणि जपून द्यायच्या औषधांचा. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिच्या बाटल्या आणि १०० युनिट प्रति मिलिची कार्ट्रिजं, इन्सुलिन टोचायची पेनं दोन्ही मिळतात, हाच सगळ्या घोळाचा मूळ खड्डा. यू-४०च्या, म्हणजे ४० युनिटवाल्या, सिरिंजची टोपी लाल, यू-१००ची केशरी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं १०० युनिटवालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिलि म्हणजे ५० युनिट अंगात गेले. वीसच्या जागी पन्नास. उलट, ४०वालं इन्सुलिन केशरी टोपीच्या सिरिंजने २०पर्यंत ओढलं तर आठच युनिट. हे रंगीत पाणी आणि दोन्ही सिरिंजा देऊन करून घेतलं. प्रत्येकाने आपल्या हाताने अर्धा मिलि ओढून बघितल्यावर ‘सिरिंज द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘कुठल्या इन्सुलिनसाठी?’ हे न विचारता सिरिंज देणारा माणूस त्या खोलीत उरला नसावा.

पेनचा भागही चांगला. दुधाळ इन्सुलिन तळहातांत दहा वेळा फिरवायचं, दहा वेळा खाली-वर करायचं, खडखडवायचं नाही. सुई वर करून दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघायचं. टोचून झाल्यावर दहा मोजेपर्यंत सुई आत ठेवायची. वापरून झालेली सुई पेनावर तशीच सोडली की हवा आत जाते, औषध गळतं, आणि पुढचा डोस कमी पडतो. रोज एकाच जागी टोचणाऱ्यांच्या पोटावर गाठी होतात; तिथून इन्सुलिन शोषलं जातं ते कधी कमी, कधी एकदम. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलं की ते फेकायचंच. चालू असलेलं बाहेर, तीस अंशांखाली, आणि कंपनीच्या पत्रकात लिहिलेत तेवढेच दिवस, बहुतेकांचे साधारण चार आठवडे. आता मे महिन्यात कळव्याच्या पत्र्याच्या खोलीत तीस अंश कुठून आणायचे? फ्रिज नसेल तर मातीच्या ओल्या मडक्यात डबा ठेवायचा उपाय सांगितला. हा तपशील बऱ्याच महागड्या वर्गांतही नसतो.

मेथोट्रेक्सेटला त्यांनी पाऊण तास दिला आणि तो कारणी लागला. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घसरतात आणि माणूस जाऊ शकतो. ‘आठवड्यातून एकदा’ म्हणून थांबायचं नाही, वार ठरवून घ्यायचा. “काका, ही गोळी रोजची नाही. कुठल्या वारी घेणार? गुरुवार? मग पाकिटावर गुरुवार लिहितो, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलंय त्या दुसऱ्या वारी.” पाकिटावर वार लिहिल्याशिवाय औषध काउंटरवरून पुढे सरकवायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या ॲसेनोकुमॅरॉलवर असलेल्या माणसाने कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी मागितली तर काय, हा प्रश्न मात्र पाच मिनिटांत गुंडाळला. काउंटरवर हा प्रश्न मेथोट्रेक्सेटपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो.

पाचवा रविवार अर्धामुर्धा. विषय: पेशंटशी बोलणं. पद्धत शिकवली ती चांगली आहे आणि जगभर वापरात आहे; अमेरिकेच्या इंडियन हेल्थ सर्व्हिसमधून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या आरोग्यसेवेतून, पसरलेले तीन प्रश्न. हे औषध कशासाठी आहे असं डॉक्टर म्हणाले? कसं घ्यायला सांगितलंय? घेतल्यावर काय होईल, कशावर लक्ष ठेवायला सांगितलंय? यांचा फायदा असा की पेशंटला जे माहीत आहे ते पुन्हा सांगण्यात वेळ जात नाही, आणि जे चुकीचं माहीत आहे ते बाहेर येतं. शेवटी परत सांगायला लावायचं. ‘समजलं का?’ विचारलं की मराठी माणूस ‘हो’च म्हणतो, न समजताही. त्याऐवजी: “मावशी, मी नीट सांगितलंय की नाही बघू द्या. घरी गेल्यावर बाबांना कसं द्याल, एकदा बोलून दाखवा.” दोष आपल्यावर घेतल्यामुळे समोरच्याला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

इतकं चांगलं साहित्य असून रविवार फसला, कारण सराव आपापसांत. फार्मासिस्टने फार्मासिस्टला समजावायचं, समोरचा मान डोलावतो, सगळे खूश. शनिवारी संध्याकाळी सातला मागे पाच जण उभे असताना, एक जण ‘भाऊ, लोकल सुटेल, फक्त पाकीट द्या’ म्हणत असताना हे तीन प्रश्न कसे विचारायचे, याचा सराव झाला नाही. निम्म्या नवी मुंबईला हिंदीत सांगावं लागतं. हिंदीतलं एक वाक्यही घोकून घेतलं नाही. आणि सगळ्यांत अवघड प्रसंग, चिठ्ठीशिवाय ‘ती तीन दिवसांची अँटिबायोटिक द्या, मागच्या वेळी दिली होती’ म्हणणारं नेहमीचं गिऱ्हाईक, तो तर आलाच नाही. नाही म्हणायचं, पण माणूस तोडायचा नाही, हे कौशल्य वाक्यं तोंडात बसल्याशिवाय येत नाही. ताप किती दिवस आहे, श्वास लागतोय का, लघवी कमी होतेय का हे विचारून, पॅरासिटामॉल देऊन, कुठल्या लक्षणावर लगेच डॉक्टर गाठायचा ते सांगून पाठवलं तर रिकाम्या हाताने पाठवल्यासारखं होत नाही. हे एवढं जरी तिथे दोन-दोन वेळा बोलून घेतलं असतं तरी चाललं असतं.

कॅनडात फार्मासिस्टची पात्रता परीक्षा स्टेशनवार होते: खोलीत शिकवून तयार केलेला नकली पेशंट बसलेला असतो, वेळ मोजलेला, परीक्षक तक्त्यावर खुणा करतो. ही पद्धत मुळात स्कॉटलंडमधल्या डंडीच्या वैद्यकीय शिक्षकांनी १९७५मध्ये डॉक्टरांसाठी मांडली. खर्च आहे तो फक्त नकली पेशंट तयार करण्याचा, आणि त्यासाठी ठाण्यात नाटकवाल्यांची वाण आहे असं कुणी म्हणणार नाही.

पहिला रविवार कायद्याचा. निवृत्त प्राध्यापक, इंग्रजी स्लाइड, आणि स्लाइडवर लिहिलेलंच मोठ्याने वाचणं. शेड्यूल एच-वन, म्हणजे वेगळी नोंद ठेवून विकायच्या औषधांची यादी, १ मार्च २०१४पासून लागू, वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि मात्रा, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हे सगळं खरं, पण घरी बसूनही वाचता येतं. उपयोगी पडलं ते मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारलं म्हणून निघालेलं: सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन एच-वनमध्ये आहेत, अझिथ्रोमायसिन नाही, ते साध्या शेड्यूल एचमध्येच आहे. चिठ्ठी तिन्हींना लागते, रजिस्टर फक्त पहिल्या दोघांना. बहुतेक दुकानांत रजिस्टर महिन्याअखेरीस एका बैठकीत ‘भरलं’ जातं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही.

सहावा रविवार ‘व्यक्तिमत्त्व विकास’. टाळ्या, फुगे, सकारात्मक विचार, फोटो, प्रमाणपत्र. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. त्या साडेचार तासांत औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला शिकवता आलं असतं. भारताचा औषध-सुरक्षा कार्यक्रम २०१०पासून चालू आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे, आणि फॉर्मला मुळात चारच गोष्टी लागतात: पेशंटची ओळख पटण्यापुरती माहिती, काय त्रास झाला, कुठल्या औषधाचा संशय, आणि कळवणारा कोण. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कुणीही कळवू शकतो. गोळीने अंगावर गांधी उठल्याचं पेशंट सर्वांत आधी मेडिकलवाल्यालाच येऊन सांगतो, आणि ती माहिती तिथेच विरते.

एकूण अभ्यासक्रम मोजायचा तर फूटपट्टी तयार आहे. हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघाने, एफआयपीने, २०१२मध्ये फार्मासिस्टला काय काय यायला हवं याचा आराखडा काढला आणि २०२०मध्ये तो सुधारला. त्यात चार गट आहेत: सार्वजनिक आरोग्य, पेशंटची औषध-काळजी, व्यवस्थापन, आणि स्वतःची व्यावसायिक वाढ. वाशीचा वर्ग जवळपास सगळा दुसऱ्या गटात आहे. साठा, तापमानाची नोंद, चुका कशा टिपायच्या हे नाही. क्षयरोगाची औषधं देणाऱ्या दुकानाने पेशंटची नोंद कळवायची असते, तेही नाही. एका वर्गात सगळं बसत नाही, मान्य. पण दिसायला-ऐकायला सारख्या औषधांची कपाटात जागा बदलणं किंवा पट्टी कापताना एक्स्पायरी छापलेल्या टोकाकडचा भाग शेवटपर्यंत राखणं, या फुकट होणाऱ्या गोष्टींना अर्धा तास देता आला असता.

मोठी उणीव वर्ग संपल्यावरची. इंग्लंडमध्ये २०११पासून नवं औषध सुरू झालेल्या पेशंटशी फार्मासिस्ट एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलतो, आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टला दर वर्षी आपण काय शिकलो याच्या चार नोंदी आणि सहकाऱ्याशी केलेली एक चर्चा दाखवावी लागते. आपल्याकडे २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पाच वर्षांत किमान दोन एकदिवसीय रिफ्रेशर (उजळणी वर्ग) एवढंच आहे. इनहेलरची पद्धत हातात बसते आणि सराव नसेल तर काही महिन्यांत सुटते; पेशंटच्याही, आपल्याही. तीन महिन्यांनी एक अर्धा दिवस बोलावून तोच तक्ता पुन्हा भरून घ्यायला या मंडळींना फारसा खर्च येणार नाही. सध्या ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पीडीएफ पाठवतात. हस्तपत्रकंही सगळी इंग्रजीत. पेशंटला म्हणायची वाक्यं मराठी-हिंदीत छापून दिली तर काउंटरखाली ठेवता येतील.

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, डेमोची उपकरणं किती आणि एका तुकडीत किती जण. पंधरा-वीसच्या वर असतील तर हात लावायला मिळत नाही. दोन, हे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल रिफ्रेशर म्हणून धरतं का, हे कौन्सिलकडेच विचारा, वर्गवाल्यांच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तीन, शिकवणारी व्यक्ती स्वतः पेशंटसमोर काम करते का.

दुकान एकट्याच्या जिवावर असेल तर रविवारी सकाळी फार्मासिस्टशिवाय पोऱ्याला बसवून येऊ नका. ते बेकायदा आहेच, शिवाय नेमकं त्याच दिवशी कुणीतरी पेन आणि सिरिंज मागायला येतं. दोघे असाल तर एकाने या तुकडीत, दुसऱ्याने पुढच्या तुकडीत यावं. आणि दुसरा, तिसरा, चौथा असे सुटे रविवारही घेता येतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, विचारलं की प्रत्येकी नऊशे घेतात. प्रमाणपत्र मात्र तेवढ्यावर देत नाहीत.